प्लूटोची दीडशे पावलं

यंदाही येळवशीला मी जेवण अर्धवट टाकून उठलो. आमच्या लातूरकडं मार्गशीर्षातल्या अमावास्येला सगळं गाव शेतात जाऊन जेवतं. कडब्याची कोप, आत पाच पांडवांचे दगड, आणि माणसांच्या पुढ्यात भज्जी, आंबील, बाजरीचे उंडे. वर्षातून एकदाच मिळणारं हे जेवण मी सोळा वर्षांत एकदाच धड पुरं केलं आहे, आणि त्या एका वेळेची लाज अजून जात नाही. बाकी पंधरा वेळा दुसरा उंडा हातात असतानाच मला उठावं लागलं. याला जबाबदार एकच माणूस, आमचे होनराव सर. गेल्या पावसाळ्यात ते वारले. वाटलं होतं, यंदा तरी कुणी उठवणार नाही.

होनराव सर औशाला आमच्या शाळेत विज्ञान शिकवायचे. मूळ गाव निलंग्याच्या पलीकडं, कर्नाटकाच्या हद्दीला चिकटलेलं, म्हणून घरात कानडी आणि बाहेर मराठी. उंच, काटक, पांढरा शर्ट, आणि खिशात पेनाच्या जागी एक काचेची बाटली, होमिओपॅथीच्या गोळ्यांची असते तसली. बाटलीत तुरीचा एक दाणा. या दाण्यानं माझं अर्धं आयुष्य खाल्लं.

माझा विषय चित्रकला. एवढाच माझा गुन्हा. एका शनिवारी शाळा सुटल्यावर सर माझ्याकडं आले आणि म्हणाले, "मुळे सर, पंधरा फुटाचा एक गोल काढून देताव का? मागच्या भिंतीवर. पिवळा." मी देतो म्हणालो. कशाला, हे विचारायला पाहिजे होतं. शिडीवर चढून दोन दिवस रंग लावल्यावर कळलं की तो सूर्य होता, आणि सरांना औशाच्या शाळेपासून लातूरपर्यंत सगळी सूर्यमाला मापात मांडायची होती. सूर्य पंधरा फुटांचा धरला की पृथ्वी लिंबाएवढी होते आणि अर्ध्या किलोमीटरवर एका चहाच्या हॉटेलात जाते. तिथल्या फळीवर सर लिंबू ठेवायचे. ते सुकायच्या आत हॉटेलवाला चहात पिळून टाकायचा आणि सर दर आठवड्याला नवी पृथ्वी घेऊन जायचे.

या मापाची एक गंमत होती आणि ती त्यांनी मला किमान दोनशे वेळा सांगितली असेल. या मांडणीत सावकाश चालणाऱ्या माणसाचा वेग बरोबर उजेडाच्या वेगाएवढा येतो. सूर्यापासून उजेडाला पृथ्वीवर यायला आठ मिनिटं लागतात, शाळेपासून हॉटेलापर्यंत रमतगमत गेलं की आठच मिनिटं. ते पोरांची रांग घेऊन निघायचे आणि एखादं पळायला लागलं की ओरडायचे, "ए, उजेडाच्या पुढं पळायचं न्हाई." रस्त्यावरची माणसं थांबून बघायची. मी रांगेच्या शेवटी असायचो, मान खाली घालून.

इथवर ठीक होतं. बुध, शुक्र, मंगळ, गुरू, सगळे कुठल्या ना कुठल्या भिंतीवर, दुकानावर रंगवून झाले. मग आला प्लूटो. हा या मापात जेमतेम पावणेआठ मिलिमीटरचा. त्यासाठी सर मला घेऊन लातूरच्या आडत बाजारात गेले. हंगाम तुरीचा होता, आडतीपुढं डोक्याएवढे ढीग. आडत्यानं गादीवरूनच विचारलं, "किती पोती पायजे, सर?"

"एक दाणा."

"नमुन्याला?"

"न्हाई. एकच पायजे. लाल. गोल. पावणेआठ मिलिमीटर."

आणि शाळेच्या प्रयोगशाळेतली व्हर्निअर पट्टी काढून ते ढिगापाशी उकिडवे बसले. इतकी मोठी तूर सहसा नसते. दोन तास ते एकेक दाणा मापून बाजूला टाकत होते. हमाल पाठीवरची पोती टेकवून बघत उभे राहिले. आडत्या मला म्हणाला, "तुमचे सायेब बरे हाईत ना?" मी हाव म्हणालो. दुसरं काय म्हणणार? शेवटी दाणा सापडला. आडत्यानं हात जोडले, "न्या सर. पर परत येऊ नका." आठ दिवसांनी सर परत गेले. एक दाणा जादा असावा म्हणून. तोच खिशातल्या बाटलीतला.

प्लूटोला पाच चंद्र. सगळ्यात मोठा शॅरन, तो ज्वारीच्या दाण्याएवढा. तो दाणा आमच्या डब्यातून गेला. तुरीपासून चार बोटांवर ज्वारी ठेवायची. उरलेले चार चंद्र पिठाच्या कणाहून बारीक, आणि त्यातला शेवटचा एका वितीवर. म्हणजे सूर्यापासून सोळा-सतरा किलोमीटर चालून गेल्यावर प्लूटोचा सगळा संसार एका ताटात मावतो. सर सांगायचे, "मुळे सर, ही तूर आन ही ज्वारी एकमेकाला पाठ दावत न्हाईत. कायम तोंडाला तोंड. आन ज्वारी तुरीभोवती फिरती असं बी न्हाई. दोघं मिळून मधल्या जागंभोवती फिरतेत." हे मी घरी बायकोला सांगितलं, तर मंदा म्हणाली, "मग तुमच्या दोघांत ज्वारी कोण?" मी दोन दिवस तिच्याशी बोललो नाही.

पहिल्यांदा प्लूटो मांडला तो येळवशीच्याच दिवशी. त्या दिवशी सगळे शेतात असतात, रस्ता मोकळा मिळतो, हा सरांचा हिशेब. लातूर रस्त्याच्या कडेला एका बांधावर आम्ही स्टीलचं ताट ठेवलं. मधोमध लाल तूर, बाजूला ज्वारी. बारीक चंद्र दिसेनात म्हणून मी माझी अक्कल चालवली आणि कुंकवाचे चार ठिपके दिले. भोवती रांगोळीनं कक्षा काढल्या, सुबक, एकात एक. माझ्या हाताला वळण आहे. आम्ही दोघं लांब उभं राहून बघितलं आणि खूष होऊन घरी आलो.

अमावास्येच्या दिवशी, बांधावर, ताटात धान्य, कुंकू आणि रांगोळीची रिंगणं. हे लोकांना काय वाटेल, हे दोन शिकल्या-सवरल्या मास्तरांच्या डोक्यात आलं नाही. दुसऱ्या दिवशी शेताचे मालक नामदेव आप्पा चार माणसं घेऊन शाळेत आले. त्यांची बायको सकाळपासून अंथरुणात होती, गडी बांध ओलांडायला तयार नव्हता आणि बैल त्या बाजूला बघून बुजतात असंही कुणीतरी शोधून काढलं होतं. आप्पांनी मुख्याध्यापकांच्या टेबलावर हात आपटला. "उतारा कुणी टाकला माज्या रानात? नाव सांगा."

दुसरा कुणी असता तर माफी मागून मोकळा झाला असता. होनराव सर आप्पांना मागच्या भिंतीपाशी घेऊन गेले, सूर्य दाखवला आणि म्हणाले, "चला." आणि खरंच, त्या साठीच्या माणसाला त्यांनी शाळेपासून त्याच्या रानापर्यंत चालत नेलं, उजेडाच्या वेगानं. पावणेपाच तास. मला सायकल घेऊन मागं यावं लागलं, कारण आप्पा वाटेत बसले तर आणायचं कुणी? आप्पा बसले नाहीत. बांधापाशी पोचल्यावर कमरेवर हात ठेवून त्यांनी मागं औशाकडं बघितलं, मग त्या तुरीकडं बघितलं.

"इतक्या लांब हाय व्हय हे बारकं?"

"इतक्या लांब हाय."

"आन तरी त्याच्याच भवती फिरतंय?"

"तरी फिरतंय."

आप्पांची समजूत पटली, पण भलतीच. दुसऱ्या अमावास्येला त्यांनी ताटापुढं नारळ ठेवला. सरांचा संताप बघण्यासारखा होता. "आप्पा, ह्या मापात नारळ केवढा होतोय मालूम हाय का? पृथ्वीच्या तिप्पट. ज्वारी पळून जाईल की ह्याची." आप्पा म्हणाले, "जाऊ द्या सर. देवाला मापात बसवू नये." पुढची कितीतरी वर्षं, प्लूटो त्यांचं रान सोडून गेला तरी, आप्पांचा नारळ त्याच्यापर्यंत चालत यायचा.

हो, प्लूटो रान सोडून गेला. इथूनच माझी खरी साडेसाती सुरू होते. बाकीचे ग्रह सूर्यापासून आपापलं अंतर जवळपास सारखंच ठेवून फिरतात, त्यांना एकदा रंगवलं की काम संपलं. प्लूटोची वाट लांबुळकी. तो सध्या सूर्यापासून दूर चालला आहे, आणि आमच्या मापात दरवर्षी दीडशे पावलं. म्हणजे दर येळवशीला आम्ही तो दीडशे पावलं लातूरकडं सरकवायचा. ताटाच्या जागी सरांनी दीड फुटाची शहाबादी फरशी आणली, त्यात तूर आणि ज्वारी बसवून मी वरून रोगण फिरवलं. ही फरशी उचलायचं काम माझं. सर पुढं, हात मागं बांधून, मोजत. मोजायचे ते कानडीत, आईनं शिकवलेलं. ओंदु, एरडु, मूरु. मी मागं, पोटाशी फरशी धरून, पोटात अर्धवट भज्जी. नूरैवत्तु, म्हणजे दीडशे, झालं की ते थांबायचे आणि म्हणायचे, "टेकवा." अधिक महिन्याचं साल असलं की दोन येळवशींमधले दिवस वाढतात, म्हणून तेरा पावलं जास्ती. यातही सूट नाही.

मी एकदा म्हणालो, "सर, पाच वर्षांचं एकदम सरकवू. कोण बघायला येतंय?"

"थांबला की खोटा झाला, मुळे सर."

"अजून किती वर्षं लांब जाणार हा?"

"नव्वद धरा. लातूरच्या पल्याड जातोय. मग वळतोय माघारी."

"आणि तेव्हा फरशी कोण उचलणार?"

"ते त्येंचं त्येनी बघावं. आपलं यंदाचं दीडशे."

एकदा तपासणीला साहेब आले. भिंतीवर ग्रहांची यादी बघून म्हणाले, "प्लूटो कशाला ठेवलाय? त्याला ग्रहांतून काढलंय. तो बटुग्रह आहे आता." मुख्याध्यापक माझ्याकडं बघायला लागले, जणू मीच त्याला भरती केला होता. होनराव सर शांतपणे म्हणाले, "काढलंय, बरोबर हाय. यादीतनं काढलंय, फिरायचा थांबला न्हाई. आन पृथ्वीला एकच चंद्र सांभाळता आला, ह्यो बटु पाच सांभाळायलाय." साहेबांनी शेरा काय लिहिला ते आम्हाला कधी कळलं नाही. पुढं सर स्वतः निवृत्त झाले. मला वाटलं, सुटलो. निवृत्तीनंतरच्या पहिल्या येळवशीला ते सकाळी नऊलाच आमच्या शेतात हजर.

आता ती लाजेची गोष्ट. सुरुवात केल्यापासून अकराव्या वर्षी सर अंगणात घसरले, गुडघ्याला प्लास्टर. येळवशीच्या सकाळी फोन आला. "मुळे सर, यंदा तुमीच जावा. दीडशे." मी हो म्हणालो. कोपीत बसलो, एक उंडा खाल्ला, दुसरा खाल्ला, तिसराही खाल्ला. आंबील दोन तांबे प्यायलो. कडब्याच्या सावलीत आडवा झालो आणि उठलो तेव्हा ऊन उतरलं होतं. मनात म्हणालो, गेला खड्ड्यात तो दाणा. दहा वर्षं मी या माणसाचं ओझं वाहिलं, एक वर्ष नाही वाहिलं तर आकाश कोसळत नाही. संध्याकाळी फोन आला.

"झालं?"

"झालं."

"कुटं आला मग?"

"बाभळीच्या पुढं," मी म्हणालो. खोटं बोलताना माणूस उगाच तपशील देतो.

पुढच्या येळवशीला सर काठी टेकत आले. पाय अजून ओढत होते. आम्ही रस्त्याच्या कडेला उतरलो. फरशी बाभळीच्या चांगलीच अलीकडं, होती तिथंच, वर वर्षाची धूळ. सरांनी फरशीकडं बघितलं, बाभळीकडं बघितलं. माझ्याकडं बघितलं नाही. ते म्हणाले, "उचला," आणि चालायला लागले. ओंदु, एरडु, मूरु.

बाभूळ मागं पडली. नूरैवत्तु आलं. मी सवयीनं वाकलो, पण ते थांबले नाहीत. काठी टेकत, पाय ओढत, तेच पाऊल तेवढंच टाकत ते पुढं मोजत राहिले. मी म्हणालो, "सर, मागच्या वर्षी मी..." त्यांनी मागं न बघता हात केला. "सुम्मने. मोजणी चुकंल." सुम्मने म्हणजे गप्प. ते तीनशेपर्यंत गेले, मुन्नूरु म्हणाले आणि मैलाच्या दगडावर बसले. घामानं शर्ट पाठीला चिकटला होता. मी फरशी टेकवली. त्यांनी रुमालानं तूर पुसली, ज्वारी पुसली आणि म्हणाले, "झालं बगा. आता खरा हाय." त्या दिवसाबद्दल त्यांनी मला आयुष्यात पुन्हा एक शब्द विचारला नाही. शिव्या घातल्या असत्या तर मी त्यांना विसरू शकलो असतो. मला त्यांचा इतका राग आला होता, आणि माझी स्वतःची इतकी लाज वाटत होती, की मी त्या दिवशी घरी येऊन जेवलो नाही.

पुढं दोन वर्षांनी त्यांचा गुडघा पुराच गेला. लेक शारदा त्यांना नांदेडला आपल्या घरी घेऊन गेली. जाताना त्यांनी मला काही सांगितलं नाही. तुरीची बाटली तेवढी माझ्या खिशात घातली. त्या सालची येळवस आली. फोन आला नाही. दुसरा उंडा हातात होता. मंदा माझ्याकडं बघत होती. मी स्वतःशीच शिवी हासडली, उठलो, मोटारसायकल काढली आणि दीडशे पावलं फरशी वाहिली. एकट्यानं. मोजलीही कानडीत, कारण मला दुसऱ्या कुठल्या भाषेत ती मोजताच येईनात.

हे सांगावं म्हणून पंधरा दिवसांनी नांदेडला गेलो. मनात जरा ऐट होती. सर खाटेवर उशीला टेकून बसले होते, हाडांची मोळी झाली होती. शारदानं चहा ठेवला.

"सर, प्लूटो सरकवला. दीडशे."

"कुणी मोजली?"

"मीच. दुसरं कोण?"

"मग चुकलं."

मी कप खाली ठेवला. साडेतीन तास एसटीत आदळत आलो होतो. "काय चुकलं? एकन् एक मोजलीय."

"दीडशे माजी, मुळे सर. तुमी बुटके. तुमची ढांग आखूड. तुमची एकशे बहात्तर."

"हे कुणी सांगितलं?"

"मोजलीयत की. इतकी वर्सं तुमच्या चपला माज्या मागं वाजायल्यात. एका कानानं माजी मोजायचो, एका कानानं तुमची. दर सालाला एकशे बहात्तर. एखांदं वर-खाली." ते दमले, थांबले. "कवा तरी लागणारच होतं."

तेरा-चौदा वर्षं मी मागून चडफडत फरशी वाहत होतो आणि हा माणूस माझं माप घेत होता.

"म्हणजे बावीस कमी पडली," मी म्हणालो.

"जाताना टाका. वाटंवरच हाय." मग म्हणाले, "टाकताव न्हवं?"

त्या पिवळ्या गोलानंतर त्यांनी माझ्याकडं काही मागितलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं. आतापर्यंत ते नुसतं सांगायचे. मी म्हणालो, "टाकतो सर. बावीसही टाकतो आणि पुढच्या सालचीही टाकतो." त्यांनी डोळे मिटले आणि मान हलवली.

निघालो. शारदाच्या घरापासून ऑटोच्या कोपऱ्यापर्यंत सरळ गल्ली आहे. चिडलेलोच होतो. म्हातारा मरणाच्या दारात बसून माझ्या ढांगा मोजतो म्हणजे काय? थोडं पुढं गेल्यावर काठीचा आवाज आल्यासारखं वाटलं म्हणून मागं बघितलं. सर खाटेवरून उठून, शारदाच्या खांद्यावर हात टाकून, गॅलरीत येऊन उभे होते. हात वर केला नाही, हाक मारली नाही. माझ्या पायांकडं बघत होते आणि ओठ हलत होते.

मी तोंड वळवलं आणि कोपऱ्यापर्यंत सगळी पावलं सारखी टाकत गेलो.